आईच्या जागी याडी

तापानं फणफणलेलं माणूस आईला हाक मारतं ती कोणत्या भाषेत? शाळेतल्या की घरातल्या? सांगा ना. मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. तो पाडला निलम पवारनं, आणि तोही चुकून.

निलम हिंगोलीत एका टायपिंगच्या दुकानात बसते. चोवीस वर्षांची. कचेरीत द्यायची माझी निवेदनं तीच टाइप करते. शाळा मी सातवीला सोडली, माझ्या ऱ्हस्व-दीर्घाचे हाल असतात. ती न विचारता दुरुस्त करते, मला राग येतो, आणि तिचं बराबर निघतं. कुणी गाव विचारलं की म्हणायची, "शिरड शहापूर." आडनाव पवार. पुढं कुणी विचारत नव्हतं. घरमालकीण मंजुळाबाईंनी तर खोली देताना स्वतःच ठरवून टाकलं, "पवार का? मग आपल्यातलीच." निलम गप्प राहिली. खोली मिळाली. ते गप्प राहणं तिला तीन वर्षं पुरलं.

मग अमृतराव सर कादंबरीचं हस्तलिखित घेऊन आले. वसमतचे निवृत्त मास्तर. कादंबरीतली नायिका शिला, तांड्यावरची. शहरात शिकायला येते, तांडा लपवते, आरशात स्वतःला ओळखेनाशी होते आणि शेवटी विहिरीत उडी घेते. मी दुकानात गेले की विचारायचे, "काय करून राहिली तुझी शिला?"

"आज केस कापले."

पुढच्या खेपेला, "आज आईला बसस्टँडवरनंच परत पाठवलं."

सांगताना ती स्क्रीनवरनं नजर काढायची नाही. मला कोडं पडायचं. लोकांचे सातबारे, दाखले, रडगाणी ही पोरगी रोज टाइप करते आणि विसरते. मग या शिलेच्याच मागं एवढी का लागलीय?

एका मंगळवारी मी निवेदन घ्यायला गेले, तर सर छापलेली पानं तपासत बसलेले. एकदम त्यांनी पानावर बोट आपटलं.

"हे काय? मी 'आई गं' लिहिलंय. तू 'याडी ये' केलंस. हा शब्द कुठला?"

निलमनं पान घेतलं. शिला तापात बरळतेय, तो प्रसंग. "मी दोनदा वाचलं होतं सर," ती म्हणाली. "मला चूक दिसलीच नाही."

मी वाकून कीबोर्ड बघितला. बोट घसरलं तर एखादी मात्रा इकडची तिकडं होईल. 'आई'ची 'याडी' कशी होते?

दुकानात मंजुळाबाईंची जाऊ दाखल्याचा अर्ज भरत उभी होती. निलमनं तिच्याकडं बघितलं. "चुकून पडलं सर," एवढं म्हणाली असती तरी मिटत होतं.

"आमच्या तांड्यावरचा," निलम म्हणाली. "आईला आमी याडी म्हणतो. माझ्या याडीचं नाव भिकाबाई. शिरडपासून पुढं आमचा तांडा हाय."

"अगं बया!" जाऊबाईंचा पेन थांबला. "मग पवार कशी तू?"

"पवार आमच्यातबी असतात काकू. तुमी विचारलंच न्हाई."

"तू सांगितलं न्हाईस!"

"व्हय. ते माझं चुकलं."

माझ्या तोंडात शिवी आली होती, ती मी गिळली. सर मात्र त्या शब्दावरच अडकलेले. चष्मा पुसत म्हणाले, "मग रागावल्यावर काय म्हणेल शिला आईला? आणि लाडात?" मास्तरकी मुरलेली, जाते कुठं! निलम सांगत गेली, सर समासात लिहीत गेले. माझं निवेदन तसंच पडून राहिलं.

मग तिनं उलट विचारलं, "सर, शिला विहिरीत काहून जाते?"

"लाज असह्य होते तिला."

"लाज तर मलाबी वाटत होती. मी रोज साडेनवाला हितं येऊन बसत होते."

 सरांनी शेवटचं प्रकरण उचलून पिशवीत घातलं आणि वसमतची गाडी धरायला निघाले. त्याचं काय करणार, त्यांनी सांगितलं नाही.

मंजुळाबाईंकडं बातमी निलमच्या आधी पोचली. "जातीचं मला काही न्हाई गं, पण तू खोटं वागलीस," म्हणाल्या. महिनाअखेर खोली सोडायची. मी तरातरा भांडायला निघाले, तर निलमनं हात धरला. "ताई, भांडण नको. खोली बघा. पण कुणालाबी आधी तांड्याचं सांगा, खोलीचं मग विचारा."

म्हणून आधी तेच सांगते. पोरगी बंजारा आहे, तांड्यावरची आहे. महिन्यातून एखाद-दोन दिवस भिकाबाई मुक्कामाला येतील आणि मोठ्यानं बोलतील. हिंगोलीत तुमच्याकडं एक खोली रिकामी असेल, नळ आणि आतून कडी असलेली, आणि हे सगळं चालणार असेल, तर दुकानात येऊन निलमला सांगा. महिना संपायच्या आत या.