वाघोबासमोरच्या सात शपथा

"सायेब, बुधा दोन दिस जेवला नाय. वाघोबा न्यायला येनार म्हनून पडून राह्यलाय," असं म्हणत बारकी माझ्या किन्हवलीच्या ऑफिसच्या दारातच रडत बसली. बुधा तिचा नवरा. मेहुण्याच्या लग्नात यजमानाने हातात दिलेला मोहाच्या दारूचा पेला त्याला परत करता आला नाही. शपथ मोडली, आता वाघ नेणार, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

ती शपथ मीच घातलेली! मी सरकारी दारूबंदी प्रचारक. महिन्याला किती शपथा झाल्या, याचा रिपोर्ट वर पाठवायचा. कागदावर अंगठा उठवून कोण दारू सोडतो? म्हणून मी शक्कल लढवली. रविवारच्या आमच्या बैठकीत दारू सोडू पाहणारे सात जण यायचे. सातही जणांना वाघोबा देवाच्या दगडावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. तिथे कोणी खोटं बोलत नाही. केवढा हुशार मी!

सायकल काढली, वाडी गाठली.

"बुधा, ऊठ. देव एवढा रागीट नसतो."

"तुमी कदी प्यालात, सायेब?"

"नाही."

"मग तुमाला काय कलनार?"

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग बैठकीत शपथ सर्वांत कडक पाळणारा म्हणून ज्याचं नाव, त्या सोमाला शेतातून बोलावून आणलं. तो बुधाशेजारी बसला.

"बुध्या, मीपन प्यालो. होळीला."

"आन् वाघोबा?"

"नाय आला. दुसऱ्या दिशी परत सोडली. भ्यायलो म्हनून कोनाला बोललो नाय."

मी आ वासून बघत राहिलो. संध्याकाळपर्यंत बाकीचेही जमले आणि एकेक जण कबूल करू लागला. सातांपैकी पाच शपथा मोडलेल्या, आणि माझा रिपोर्ट मात्र चकाचक! पण बुधा उठून बसला. "बारके, पेज दे गो," म्हणाला. देवाशप्पथ सांगतो, मला रडू आलं.

पुढच्या रविवारी नियम त्यांनीच केले. शपथ नाही, फक्त आजच्या दिवसापुरतं नाही म्हणायचं. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. कोणी घसरला की दोघांनी लगेच त्याच्या घरी जायचं, उपदेश न करता आपली गोष्ट सांगायची.

महिनाअखेर माझे वरचे साहेब तपासणीला आले.

"शपथा किती?"

"एकही नाही, सर."

"मग बैठकीला येतात त्यांची नावं द्या."

पिणं हाच तेव्हा गुन्हा. नावं गेली असती तर बैठक त्याच दिवशी मोडली असती.

"नावं मिळणार नाहीत, सर."

मेमो मिळाला. मिळू दे!

पुढच्या वर्षी बुधाच्या मुलीचं लग्न झालं. व्याह्याने सगळ्यांदेखत त्याच्यापुढे पेला धरला. बुधाने सोमाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "आज नाय, इवाईबुवा," म्हणाला आणि सरळ नाचात घुसला. सातही जण शुद्धीत नाचले, पहिल्यांदाच!

पडलेल्याला उठवायला पडून उठलेलाच माणूस लागतो. पगारी माणसाने सायकल काढावी आणि त्याला बोलावून आणावं.