साकोलीतला अडीच फुटांचा समुद्र

हे सगळं मला नीट आठवतं का, याची मलाच खात्री नाही. सत्तरचं दशक संपत आलं होतं, एवढं नक्की. स्टाफरूममध्ये एकच गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली की तिच्यावर थर चढत जातात. मग आपण स्वतः पाहिलेलं कोणतं आणि दुसऱ्यानं रंगवलेलं कोणतं, हे वेगळं काढता येत नाही. तरी सांगतो. चूक निघाली तर ती माझी.

*

साकोलीच्या कॉलेजात कापगते सर प्राणिशास्त्र शिकवायचे, मी रसायनशास्त्र. त्यांनी मुलांची सहल रत्नागिरीला नेली, मीही गेलो. परत येताना आम्ही कॅन भरभरून समुद्राचं पाणी आणलं आणि त्यात दोन मासे, काही गोगलगायी, शंखात राहणारे चार खेकडे आणि तीन समुद्रफुलं. समुद्रफूल दिसतं फुलासारखं, पण तो दगडाला चिकटून बसलेला प्राणी असतो; त्याच्या पाकळ्या म्हणजे त्याचे हात.

भंडाऱ्याहून निघालेल्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, कॅनमध्ये काय? सरांनी सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. झाकण उघडून त्यानं बोट बुडवलं, चाखलं, आणि बराच विचार करून म्हणाला, "सर, आपल्या जिल्ह्यात एवढे तलाव हायेत. हे खारं कायले आणलं?"

सरांनी झाकण घट्ट लावलं आणि साकोलीची तिकिटं मागितली.

*

कापगते सरांच्या घरी तीन मांजरं होती, म्हणून हे सगळं ठेवायची अडीच फुटांची काचेची टाकी माझ्या घरी आली. माझी पत्नी सुमन लाखनीची. पहिले दोन दिवस तिनं नाकाला पदर लावला. आठवड्याभरात मात्र ती हिराच्या काडीवर झिंग्याचा तुकडा टोचून समुद्रफुलांना भरवू लागली. फूल मिटून घास घ्यायचं, तेव्हा तिचंही तोंड किंचित हलायचं.

झिंगे आणून द्यायचा डोमाजी ढीवर. तो तलावातली मासळी दारोदार विकायचा. पाटी उतरवून टाकीसमोर उकिडवा बसायचा आणि बघत राहायचा. एकदा म्हणाला, "बाई, हे आता आपल्या तलावातले झिंगे खाऊन राहिलं. म्हणजे इकडचंच झालं."

*

तिसऱ्या महिन्यात मरणं सुरू झालं. आधी गोगलगायी. मग एकेक खेकडा शंख सोडून बाहेर आला आणि मेला. मग एक समुद्रफूल. मासे मात्र मजेत होते, उलट जाड झाले होते.

मी तक्ता सुरू केला. तापमान, खारटपणा, सकाळ, संध्याकाळ. आटलेलं पाणी भरून काढायला विहिरीचं पाणी लागायचं. ते शुद्ध राहावं म्हणून मी रात्रभर आईच्या तांब्याच्या घागरीत ठेवायचो आणि सकाळी आंघोळ करून टाकीत ओतायचो. तक्त्यात त्याच्यापुढे रोज एकच शब्द: 'शुद्ध'.

कापगते सरांचा संशय उन्हावर होता, म्हणून टाकीभोवती ओली पोती आली. माझा, पाणी बदलताना टाकायचो त्या किराणा दुकानातल्या मिठावर होता, मीठ बदललं. मग मलेरियाची फवारणीवाली माणसं आली. मी दार अडवून त्यांना अर्धा तास कीटकनाशकाचे दुष्परिणाम समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मी समोर उभा असताना भिंतीवर गेरूनं लिहिलं, 'घर बंद'.

*

दुसरं समुद्रफूल गेलं, तेव्हा माझ्याजवळ संशय घ्यायला काहीच उरलं नव्हतं. मग मला सुमनचे हात दिसले. भांडी घासण्याची पावडर, कपड्यांचा साबण, देवाजवळचा कापूर, हे सगळं त्याच हातांना. मी कापगते सरांसमोरच तिला म्हणालो, "उद्यापासून टाकीजवळ जायचं नाही."

ती "बरं" म्हणाली. हिराची काडी तिनं माझ्या तक्त्याच्या वहीवर आणून ठेवली. त्यानंतर ती खोली झाडायची, पण टाकीकडे मान वळवायची नाही.

*

उरलेलं एक फूल आक्रसून शर्टाच्या गुंडीएवढं झालं होतं. मी लाकडी कोळशाची पुरचुंडी पाण्यात सोडली, आणि थोड्या दिवसांत ते उघडलं! कॉलेजात मी त्यावर व्याख्यानही दिलं. त्या संध्याकाळी कापगते सर चहाला आले आणि सुमनला म्हणाले, "पाहिलं ना वहिनी, हात थांबला न् फूल उघडलं."

तिनं त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. मीही माझा कप पुढे केला. बोलायला हवं होतं, असं आज वाटतं. तेव्हा वाटलं होतं का, ते आठवत नाही.

फूल पुढे वर्षभराहून जास्त जगलं.

*

बऱ्याच वर्षांनी डोमाजी साकोलीच्या बसस्टँडवर भेटला. म्हातारा झाला होता. टाकीचा विषय त्यानंच काढला.

"बाईनं मले इचारलं होतं, मासा जगते न् गोगलगाय काहून मरते? मी म्हटलं, आमी जिते झिंगे मडक्यात ठेवतो, तांब्याच्या भांड्यात मरतेत. तुमी आंघोळीले गेले का बाई घागर तुळशीत रिकामी करे न् माठातलं पाणी भरून ठेवे. रोज."

माझा पीएच.डी.चा प्रबंध तांब्याच्या क्षारांवर आहे. डोमाजीला ते माहीत नव्हतं. सुमनला होतं.

घरी येऊन जुनी वही काढली. फूल उघडू लागल्याची नोंद मंगळवारची होती. कोळसा मी त्यानंतरच्या शुक्रवारी टाकला होता.

सुमन सुपात तांदूळ निवडत होती. मी विचारलं, डोमाजी म्हणतो ते खरं का? ती "हो" म्हणाली. मग मला तेव्हाच का नाही सांगितलं?

तिनं एक खडा बाजूला काढला.

"सांगितलं असतं, तर तुमी खरं-खोटं पाहाले आणखी एकदा तांब्याचं पाणी टाकून पाह्यलं असतं. आन् एकच उरलं होतं."