चार बोटं बाहेर आलेला जनरेटर

मी व्यवसायाने मेकॅनिकल इंजिनिअर आहे. आमच्या घरी ही गोष्ट आता पाहुण्यांना सांगत नाहीत.

जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या एका केमिकल कंपनीत मी पंप सांभाळतो आणि पंप माझं ऐकतात. एवढ्या भांडवलावर मी एक जुनं वोनमोबिल घेतलं, म्हणजे चाकांवरचं वन बीएचके. वयाने ते आमच्या लग्नापेक्षा नऊ वर्षांनी मोठं. पहिल्या सहलीत त्याचा क्लच हायडेलबर्गच्या अलीकडेच गेला (हायडेलबर्ग आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे). दुसऱ्या सहलीत पाण्याची टाकी फुटली, तीही आमच्या गादीखालची आणि आम्ही गादीवर असताना! त्यानंतर माझ्या बायकोने, मुग्धाने, आवाज न चढवता निकाल दिला. तिसरी सहल धड झाली तर गाडी राहील, नाहीतर विकायची. जाहिरात तिने फोनवर लिहूनही ठेवली होती. गाडीचा फोटो छान आला होता, त्यात मी नव्हतो.

तेवढ्यात सांगलीहून सासू-सासरे आले. सासरे, म्हणजे अप्पा, गणिताचे निवृत्त मास्तर. गाडी घेतली तेव्हा त्यांनी फोनवर सहज विचारलं होतं की पूजा केलीत ना? त्यावर मी त्यांना विज्ञाननिष्ठा या विषयावर वीस मिनिटं ऐकवलं होतं आणि शेवटी म्हणालो होतो, "अप्पा, ते यंत्र आहे, नवरी नाही." अप्पा फक्त "बरं" म्हणाले. मास्तरांचं "बरं" कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तिसरी सहल मुग्धाच्या वाढदिवसाला. मोझेल नदीकाठी, द्राक्षमळ्याच्या कडेला गाड्या उभ्या करायची एक सुंदर जागा होती. निघताना मी माझी बावीस मुद्द्यांची, लॅमिनेट केलेली चेकलिस्ट टिक केली. गॅस बंद, पायरी आत, कपाटांच्या कड्या लावलेल्या. सासूबाईंनी उडदाची डाळ भिजत घालून डब्यात घेतली, सोबत सांगलीहून आणलेला मिक्सर. लेकीच्या वाढदिवसाला मेदूवडे करायचे होते. तिथे वीज असेल ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी हसलो. वीज कशाला लागते? आपल्याकडे जनरेटर आहे!

हा जनरेटर गाडीच्या बाजूच्या कप्प्यात रुळांवर बसवलेला. ड्रॉवरसारखा पूर्ण बाहेर ओढल्याशिवाय तो सुरूच होत नाही. मी झोकात दार उघडलं, खटका दाबला, ओढलं. चार बोटं बाहेर आला आणि अडला. पुन्हा ओढलं. चार बोटं. कप्प्यात हात घातला तर बोटांना लाल भुकटी लागली. "गंज," मी जाहीर केलं, आणि खुर्चीत बसलेल्या अप्पांना लोखंड, ओलावा आणि प्राणवायू यांचा परस्परसंबंध समजावला. अप्पा "बरं" म्हणाले.

गंज सोडवायचा स्प्रे अर्धा डबा मारला. मग दोर बांधून मी आणि मुग्धा ओढायला लागलो. मग हातोडा घेतला. दुसऱ्याच ठोक्याला शेजारच्या गाडीतून हेर (म्हणजे श्रीयुत) क्रुगर अवतरले. पायात मोजे, मोज्यांवर सँडल, चेहऱ्यावर नियम. तीन वाजेपर्यंत मिटाग्सरूहे, म्हणजे दुपारची शांतता, तेव्हा ठोकाठोकी चालणार नाही, हे त्यांनी सौम्यपणे सांगितलं. मग त्यांची नजर अडलेल्या जनरेटरवर गेली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. (जर्मन माणसाला बिघडलेली वस्तू दाखवणं म्हणजे आपल्याकडे भुकेल्याला पान वाढणं.) "आल्झो," म्हणजे "चला तर", असं म्हणून ते धावत जाऊन हत्यारांची पेटी घेऊन आले.

पुढचा तासभर आम्ही दोघांनी अत्यंत शांतपणे, नियमात राहून, काहीही साध्य केलं नाही. आत डाळ फुगत होती. सासूबाई दर दहा मिनिटांनी डब्याचं झाकण उघडून बघत आणि पुन्हा लावत. तो खटका मला बाहेर ऐकू येत होता.

शेवटी क्रुगर जमिनीवर आडवे झाले, टॉर्च कप्प्यात घातला आणि दचकून मागे सरले. "मार्डर!" ते कुजबुजले. मार्डर हा मुंगसासारखा प्राणी. इथल्या गाड्यांत शिरून वायरी कुरतडतो, त्यामुळे त्याच्या नावाने मोठमोठे लोक घाम पुसतात. मीही वाकून पाहिलं. जनरेटर आणि वरची आडवी पट्टी यांच्यामध्ये काहीतरी तपकिरी, केसाळ, निपचित पडलेलं होतं. आणि त्याला डोळे होते! तीन!

मुग्धाने फोन काढला. "जाहिरात टाकते," ती म्हणाली. तिचा आवाज निकाल दिला तेव्हाइतकाच शांत होता. आजवर मी त्या गाडीवर सगळे शनिवार घालवले होते. खरं सांगतो, मला रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात सासूबाई खाली उतरल्या. त्यांनी माझा हात धरला, बोट चोळून पाहिलं, वास घेतला.

"जावईबापू, हा गंज नाही. कुंकू आहे."

आणि मला सगळं आठवलं.

दुसऱ्या सहलीनंतर माझी विज्ञाननिष्ठा जरा हलली होती. पंधरवड्यापूर्वी, मुग्धा ऑफिसला गेल्यावर, मी एशिया शॉपमधून नारळ आणला, त्याला हळदकुंकू वाहिलं, गाडीला उदबत्ती ओवाळली. फोडणार तोच वरच्या मजल्यावरची शेजारीण खिडकीत आली. घरात नेला तर मुग्धा विचारेल, म्हणून तेवढ्यापुरता जनरेटरच्या मागे ठेवला. बावीस मुद्द्यांत त्याची नोंद नव्हती. वाटेतल्या हादऱ्यांनी तो जनरेटरवर चढून पट्टीखाली अडकला होता.

सासूबाईंनी पदर खोचला. "ओढता काय सगळे? आमच्या ओट्याच्या ड्रॉवरमध्ये रवी अडकते तेव्हा आधी आत ढकलावं लागतं." त्यांनी तळहाताने जनरेटर आत लोटला, बांगड्या मागे सारून हात घातला आणि नारळ बाहेर काढला. जनरेटर मग एका बोटाने, लोण्यातून यावा तसा, बाहेर आला.

सगळे माझ्याकडे पाहत होते. अप्पा पहिल्यांदाच खुर्चीतून उठले.

"म्हणजे जावईबापू," ते म्हणाले, "नवरीची ओटी भरलीत तर."

मुग्धा इतकी हसली की तिला गाडीच्या पायरीवर बसावं लागलं. तीनच्या ठोक्याला, क्रुगरांच्या घड्याळाप्रमाणे, जनरेटर सुरू झाला. नारळ मी तिथल्या दगडावर सर्वांसमक्ष फोडला आणि त्याचीच चटणी झाली. चौथ्या वड्याला मुग्धाने जाहिरात पुसून टाकली. क्रुगरांनी सातवा वडा खाल्ला आणि नारळ नेमका कोणत्या बाजूला ठेवायचा हे वहीत टिपून घेतलं.

गाडी अजून आमच्याकडेच आहे. चेकलिस्टवर आता मुग्धाच्या अक्षरात तेविसावा मुद्दा आहे: "जनरेटरमागे देवधर्म शिल्लक आहे का?" बाकीच्या बावीस चौकोनांत मी टिक करतो. तेविसावा ती स्वतः कप्प्यात हात घालून बघते. म्हणते, हे काम इंजिनिअरवर सोडण्यासारखं नाही.