फॅदम म्हणजे किती

आज किनाऱ्यावर काशिनाथ तांडेल नांगराचा दोर मोजत होता. दोन्ही हात पसरून दोर छातीवरून ताणला की एक वाव. “टेप देऊ का?” मी विचारलं.

“टेप गंजतो, बाई. हात गंजतात का?” तो हसला.

इंग्रजीत हेच माप फॅदम. वर्गात मी नेहमी ‘सहा फूट’ एवढंच सांगितलं. घरी येऊन शब्दकोश उघडला, तर मूळ अर्थ निघाला: कवेत घ्यायला पसरलेले हात.

सई, तुम्ही परदेशी निघालात तेव्हा विमानतळावर मी पासपोर्ट तीनदा तपासले. तू हात पसरून उभी होतीस. मी म्हटलं, “आधी बॅगेची चेन लाव.” तेवढ्यात रांग पुढे सरकली.

हल्ली ‘बरी आहेस ना, आजी?’ एवढं विचारून तू फोन लगेच आईकडे देतेस. मीही थांब म्हणत नाही.