करिदिनी न पाठवलेले पत्र

गोंदियाच्या महाविद्यालयात मी तीन तपे संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतरही विद्यार्थी शिफारसपत्रासाठी शहरालगत मुर्रीला माझ्या घरी येत. त्यांपैकी एकीचे पत्र मी लिहिले. ते पोहोचले मात्र नाही.

ती नागझिरा अभयारण्याच्या कडेच्या गावातली, वनमजुराची मुलगी. तिच्या घरी माझे देव नव्हते. रानातले, झाडाखालचे होते. तरी माझ्या वर्गात तिच्याइतके शुद्ध पठण कोणी केले नाही. दोन देशांतील दोन विद्यापीठे मिळून एक पदव्युत्तर पदवी देत: पहिले वर्ष एका देशात, दुसरे दुसऱ्या देशात, आणि विषय असा की भिन्न संस्कृतींची माणसे एकमेकांना कशी समजून घेतात. तिच्या गावात मरणाच्या वेळी बाया जी गाणी म्हणतात, ती दूरदेशीच्या शोकगीतांशेजारी ठेवून पाहण्याची तिची इच्छा होती. अर्जाला दोन गुरुजनांची पत्रे लागत. एक गेले होते. दुसरे मी स्वतः माझ्या फोनवरून पाठवायचे होते.

एकेक शब्द तोलत मी ते आठ दिवसांत पुरे केले. फोनवर कोठे दाबायचे हे दाखवण्यासाठी ती संक्रांतीच्या दुपारी आली. पत्र तयार होते. त्याच क्षणी जाऊ शकले असते. मी तिला सांगितले, आज संक्रांत, उद्या करिदिन. समुद्रापलीकडे जाण्याच्या कार्याचा आरंभ या दोन्ही दिवशी करू नये. परवा स्नानसंध्या आटोपून पाठवतो.

तिने क्षणभर फोनकडे पाहिले.

"शेवटची तारीख उद्याची आहे, गुरुजी."

विद्येच्या कामी एका दिवसासाठी कोणी दार लावून घेत नाही, असे मी म्हणालो. खरोखर तसे वाटत होते मला.

"तुमाले जसा बरा वाटे तसा," ती म्हणाली. तिळगूळ घेऊन, पाया पडून ती बस पकडायला गेली. गुरूला एकदा सांगावे, दुसऱ्यांदा आठवण करून देऊ नये, ही शिस्त मीच वर्गात लावली होती.

तिसऱ्या दिवशी देवापुढे निरांजन लावून मी फोन हाती घेतला. मुदत संपल्याची एक ओळ उमटली. पुन्हा दाबले, तीच ओळ. मी विद्यापीठाला सविस्तर लिहिले, दोष सर्वस्वी माझा आहे म्हणून. चार दिवसांनी विनयपूर्ण उत्तर आले: अर्ज अपूर्ण असल्याने विचारात घेता येत नाही.

क्षमा मागायला मी तिच्या गावी गेलो. ती घरी नव्हती. वडील अंगणात बांबू सोलत होते. त्यांनी खाट टाकली, पाणी दिले, आणि पुन्हा कामाला बसले. मी करिदिनाचे सांगू लागलो, तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

"आमच्यात असा दिवस रायतच नाही जी," ते म्हणाले. "पोरगी तुमच्या दिवसापायी थांबली. मी म्हटलं, गुरुजीले कायले नाही बोलली? त म्हणते, त्यायचा धरम आहे, बाबा."

बांबूच्या सालीचा आवाज तेवढा होत राहिला. दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखावा, हे मी वर्गात किती वेळा सांगितले असेल. तिने माझ्या श्रद्धेचा राखला. तिच्या घरी तो दिवस कसा असतो, हे मी विचारलेदेखील नव्हते.

पुढच्या मार्गशीर्षात मी आपणहून तिला फोन केला. पत्र नव्याने लिहिले आहे, पंचांग पाहणार नाही, तू म्हणशील त्या घटकेला पाठवतो, असे सांगितले. ती तेव्हा नागझिऱ्याच्या फाटकावर गाईड म्हणून लागली होती. मागे गाड्यांचा आवाज येत होता.

"यंदा नाही जमत, गुरुजी. पावसाळ्यात बाबाले लकवा झाला. मागच्या साली त चालत होता तो, तवा मी जाऊ शकत होती. आता गेली त त्याले उठवते कोण?"

तिने माझ्या दुखऱ्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि फोन ठेवू का, म्हणून परवानगी मागितली.