डब्यावरचं इमान

स्वतःच्या शरीरावर माझ्या मामेसासऱ्यांइतका अविश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही. भूक लागली असं ते कधीच म्हणत नाहीत. घड्याळाकडे बघतात आणि "भूक लागली असणार" असं जाहीर करतात. अंग तापलं म्हणून मामींनी कपाळाला हात लावला, तर तो हात बाजूला सारून म्हणतात, "हात काय सांगणार? थर्मामीटर आण." मामी सांगतात, त्यांना बघायला आले होते तेव्हा थोरल्यांनी यांना मुलगी पसंत आहे का असं विचारलं. यांनी भर बैठकीत उत्तर दिलं, "सध्या तरी तसं वाटतंय, पण वाटण्यावर जाऊ नये." लग्न झालं हे मामींचं नशीब की मामांचं, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

मुळात दोष त्यांचा नाही, धंद्याचा आहे. देवगाव रंगारीच्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा माणूस चिकलठाण्याच्या एका फ्लाइंग क्लबात पोरापोरींना छोटी विमानं शिकवायचा, आणि तीही ढगातून न्यायला. ढगात शिरलं की बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नाही. अशा वेळी समोरच्या तबकड्यांच्या काट्यांवर आणि जीपीएसच्या पडद्यावर नजर ठेवून जायचं. त्या जीपीएसला मामा लाडानं 'डबा' म्हणत. "कान लई लबाड असतो, जावईबापू," ते मला समजावत. "माणसाचा तोल कानात असतो. इमान कलंडलेलं असतं अन् हा आतून सांगतो, सरळ हाये. ढगात कानाचं ऐकलं की मेलो. तिथं काट्यावर अन् डब्यावर इमान ठेवायचं." सरावाच्या वेळी शिकणाऱ्याला बाहेरचं दिसू नये म्हणून डोक्यावर एक लांब चोचीची टोपी चढवतात, तिला मामांनी नाव ठेवलं होतं 'घाण्याच्या बैलाची झापड'. एकदा एक मुलगी त्या झापडेखालून म्हणाली, "सर, मला वाटतंय आपण डावीकडे झुकलोय." मामा म्हणाले, "वाटत असंल तर खाली उतरून कविता कर. इथं काटा काय म्हणतो ते सांग." असा सगळा थाट. फक्त एक तलवार कायम डोक्यावर टांगलेली होती. ठरावीक मुदतीनं डॉक्टरांची तपासणी व्हायची. पास झालं तर आकाश, नाही तर घर. साठी उलटल्यापासून त्या तपासणीच्या आधी मामा आठवडाभर बिनमिठाचं जेवत आणि घरातल्या सगळ्यांना जेवायला लावत.

डब्यावर इमान होतं, पण ते आंधळं नव्हतं. त्यांच्या गावच्या जत्रेला निघालो तेव्हा मी मोबाइलमध्ये ऐटीत 'देवगाव' टाकलं आणि गाडी काढली. क्रांती चौकाच्या गर्दीतून कसाबसा बाहेर पडतोय तोच मामा म्हणाले, "गाडी बाजूला घ्या." मी घाबरून विचारलं, काय झालं? "देवगाव मावळतीला. ही मोबाइलमधली बाई तुम्हाला जालन्याकडं कशी काय चालवती?" बघतो तर मोबाइलनं भलतंच देवगाव धरलं होतं. त्यानंतर वेरूळ मागे पडेपर्यंत माझी शिकवणी चालली होती. "डबा खोटं बोलत नाय. पण तुम्ही त्याला काय सांगितलं, ते निघायच्या आधी वाचायचं. दिशा बघायची, अंतर बघायचं. एका नावाची छप्पन्न गावं असतात." तेव्हापासून मी जवळच्या हर्सूलला जाताना सुद्धा आधी सूर्य कुठे आहे ते बघतो.

आणि मग गेल्या वर्षी ती तपासणी आली. छातीचा आलेख काढला, तर ठोके वाकडेतिकडे. डॉक्टरांनी पुन्हा काढायला लावला, तरी तेच. कागदावर 'अपात्र' असं लिहून मामांना घरी पाठवलं. मी भेटायला गेलो तेव्हा ते घरभर येरझाऱ्या घालत होते. "मला काय झालंय? जिने चढलो, दम नाय लागला. छातीत दुखत नाय, चक्कर नाय. त्या मशीनला काय कळतंय? माझं अंग मला सांगतंय ना, मी ठणठणीत हाये!"

मामी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"कोण सांगतंय म्हणालात?"

मामा होते तिथेच थांबले. मला हसू येत होतं आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. मग ते खुर्चीवर बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "जावईबापू, तो कागद परत वाचा." मी वाचला. "दोनदा काढला व्हय आलेख?" मी मान हलवली. "मग खरंच असणार," ते म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन बघू, असं मी सुचवलं, तर नको म्हणाले. आठवडाभरात त्यांनी क्लबात जाऊन सगळ्यांचा निरोप घेतला. मला त्यांचा फार अभिमान वाटला. त्यांनी थोडं तरी भांडायला हवं होतं, असंही वाटलं.

पुढे दिवाळीच्या आधी त्यांच्या लेकीकडे मुंबईला जायचं म्हणून मी त्यांना विमानानं घेऊन गेलो. इतक्या वर्षांत प्रवासी म्हणून बसायची वेळ त्यांच्यावर क्वचितच आली असेल. पट्टा बांधताना ते अवघडून बसले होते, हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं. वर चढताच विमान ढगात शिरलं. आता हे पुढच्या वैमानिकाच्या चुका सांगणार, म्हणून मी कान टवकारले. पण वळून पाहिलं, तर मामांनी नाक काचेला टेकवलं होतं. करडं मागे पडून पांढरं येत होतं, मध्येच फट पडून ऊन आत शिरत होतं, आणि एकाएकी आम्ही वर निघालो, तर खाली लांबवर नुसता पिंजलेला कापूस.

"हे असं दिसतं व्हय?" मामा हळूच म्हणाले. "जल्मभर यातनं गेलो, जावईबापू. मान वर करून बघितलंच नाय कधी."

चहा आला, तो त्यांनी हातानंच नको म्हणून परत पाठवला आणि मुंबईपर्यंत काचेवरचं नाक काढलं नाही.