दारासाठी राखलेल्या फळ्या

अगं, फोनवर असलीस म्हणून काय झालं, जरा जवळ ये आणि ऐक. गेल्या खेपेला अडकलेल्या दाराला लाथ घातलीस, तसं पुन्हा करायचं नाही हो! काल सुताराकडून ते रंधा मारून घेतलं, घरभर लाकडाचा वास सुटला आणि मला भोसरीची वखार आठवली. तुझे आजोबा सुतार, वखारवाले चाचा त्यांचे दोस्त. आधी तिथं ब्रह्मदेशाच्या सागाची थप्पी छपराला टेकायची नि घानाचा साग कोपऱ्यात पडून असायचा. वर्षं सरली तशी ती थप्पी खचत गेली, घानाची चढत गेली. "भाभी, बर्मा रुसलेला जावई झालाय, बोलावून येत नाही," चाचा हसायचे. शेवटच्या मालातल्या थोड्या फळ्या त्यांनी आमच्यासाठी राखल्या, कारण लोकांची दारं घडवणाऱ्या सुताराच्या घराला पत्र्याचं दार होतं. सागाचं दार घडायच्या आधीच चाचा गेले. त्यांच्यात कबरीत मयतावर फळ्या आडव्या लावून मग माती लोटतात. त्यासाठी आजोबांनी आमच्या राखलेल्या फळ्या काढल्या. चाचांचा मुलगा म्हणाला, "काका, कबरीला साधं लाकूड चालतं." "चालत असेल, पण त्यांनी मला कधी साधं दिलं नाही." मी विचारलं, "आणि दार?" "घानाचं करू," म्हणाले. मग फळीचं दुसरं टोक मीच धरलं. तेच हे घानाचं दार. पावसात फुगायचं, आजोबा दरसाल तासायचे. ते गेल्यापासून कुणी तासलंच नव्हतं गं. आता एका बोटानं उघडतंय, लवकर येऊन बघ.